दोन खोल्यांची शाळा नव्याने मांडताना

शाळेसाठी पैसे आले, की पहिल्या बैठकीत दोन सूचना ठरलेल्या असतात. मोठा टीव्ही घ्या आणि भिंती रंगवून घ्या. पैसे यात्रेच्या वर्गणीतून उरलेले असोत, मुंबई-पुण्याला नोकरी करणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी पाठवलेले असोत, नाहीतर एखाद्या कंपनीच्या निधीतून आलेले असोत. मी द्विशिक्षकी शाळेवर असताना नेमकं हेच केलं होतं. टीव्ही खिडकीसमोरच्या भिंतीवर लागला आणि अकरा वाजल्यानंतर त्याच्या काचेत फक्त खिडकी दिसायची. भिंतींवरची फळं-फुलं-प्राणी वर्षभरात मुलांच्या डोळ्यांना दिसेनासे झाले, कारण रोज तेच.

आज पहिलीत बसलेलं मूल आणखी पंधरा वर्षांनी कोणतं काम करत असेल, हे आपल्यापैकी कुणाला सांगता येत नाही. म्हणून भविष्यातली वर्गखोली म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर मुलांना आपल्या हातांनी बदलता येणारी खोली येते. सकाळी सगळे गोलात, नंतर गटागटाने, दुपारी कोपऱ्यात एकटं बसून वाचन, आणि एका मांडणीतून दुसरीत जायला पाच मिनिटं. नव्याने रुजू झालेले शिक्षक आणि शाळा व्यवस्थापन समितीत पहिल्यांदा आलेले पालक यांच्यासाठी हा क्रम लिहितो आहे. समोर जिल्हा परिषदेची दोन खोल्यांची, पहिली ते चौथीची शाळा धरली आहे.

पहिला आठवडा : काहीही विकत घेऊ नका

चौकटींची वही घ्या, एक चौकट म्हणजे एक फूट धरा आणि दोन्ही खोल्या, व्हरांडा, अंगण, स्वच्छतागृह, पाण्याची टाकी, झाडं असं सगळं मापून काढा. चौथीची मुलं हे काम आनंदाने करतात आणि त्यात त्यांचं लांबी-मापनाचं प्रकरणही होऊन जातं. उत्तर दिशा लिहायला विसरू नका. पुढचे निम्मे निर्णय तिच्यावर अवलंबून आहेत.

या नकाशाच्या तीन प्रती काढा. सकाळी शाळा भरताना, मधल्या सुट्टीच्या आधी आणि शाळा सुटण्यापूर्वी तासभर, अशा तीन वेळांना ऊन कुठपर्यंत आत येतं ते त्यांवर रंगवा. मुलं कुठे घोळक्याने बसतात, कुठे कुणीच फिरकत नाही, हेही टिपा. मग बस्करपट्टीवर, शेवटच्या कोपऱ्यात, मुलांच्या उंचीवर बसून फळा वाचायचा प्रयत्न करा. फळ्याचा डावीकडचा भाग चकाकतोय आणि खालच्या दोन ओळी पुढच्या डोक्यांमागे जात आहेत, हे उभं राहून शिकवताना कधीच कळत नाही.

आठवड्याच्या शेवटी प्रत्येक मुलाला एक पान आणि एक खडा द्या. शाळेत आवडणाऱ्या जागी पान ठेवायचं, नकोशा किंवा भीती वाटणाऱ्या जागी खडा. मोठ्यांनी त्या वेळी बाजूला व्हायचं, नाहीतर सगळी पानं तुमच्या टेबलावर येतील. मी जिथे जिथे हे केलं, तिथे पानं झाडाखाली आणि व्हरांड्याच्या पायरीवर जास्त पडली आणि खडे स्वच्छतागृहाच्या वाटेवर. पैसे आधी कुठे लागणार आहेत, हे बैठकीतल्या चर्चेपेक्षा त्या खड्यांनी स्पष्ट सांगितलं.

आधी सुरक्षा, मग सजावट

२००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेच्या इमारतीसाठी किमान गोष्टी दिल्या आहेत. शिक्षकागणिक एक वर्गखोली, मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं सुरक्षित पाणी, पोषण आहारासाठी स्वयंपाकाची जागा, मैदान, कुंपण आणि अडथळा नसलेला प्रवेश. ती यादी समोर ठेवून एकेक खूण करा. जे नाही, ते समितीच्या ठरावात लिहा. ठराव झाला की मागणी करायला हातात कागद येतो.

छताला तडे असतील, गज उघडे पडले असतील, भिंतीला ओल येऊन पोपडे सुटत असतील, तर रंगाचा डबा उघडूसुद्धा नका. जिल्हा परिषदेच्या अभियंत्याकडून पाहणी मागा. खोली धोकादायक ठरली तर तिचं निर्लेखन, म्हणजे वापरातून रीतसर बाद करणं, करून घ्यावं लागतं. हे काम रेंगाळतं, म्हणून तो अर्ज पहिल्याच महिन्यात गेला पाहिजे.

दरवाजा बाहेरच्या बाजूला उघडतो का ते पाहा. १६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूतल्या कुंभकोणम इथे शाळेला आग लागली आणि ९४ मुलं गेली. स्वयंपाकघरात पेटलेली आग गवती छपरापर्यंत पोचली होती आणि मुलांना बाहेर पडायला पुरेशी वाट नव्हती. ही घटना माहीत असलेला माणूस वर्गात थर्माकोलची छत लावणार नाही, चूल वर्गाला खेटून मांडणार नाही आणि दुसरं दार कपाट लावून बंद करणार नाही. खिडक्यांना गज असतील तर निदान एक जाळी आतून उघडणारी करून घ्या. वायरिंग जुनं असेल तर अर्थिंग तपासून घ्या आणि ईएलसीबी, म्हणजे वीज गळू लागली की पुरवठा आपोआप तोडणारा स्विच, बसवा. हा खर्च कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. तरी तो आधी करा.

रॅम्पचा हिशेब सोपा आहे, तरीही बहुतेक ठिकाणी चुकतो. उतार एकास बारा हवा. जोतं ४५ सेंटिमीटर उंच असेल तर रॅम्प किमान ५४० सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ १८ फूट लांब लागतो. गवंडी जागा नाही म्हणून आठ फुटांत उतरवतो आणि मग त्यावरून चाकाची खुर्ची वर जात नाही, मुलं घसरगुंडी खेळतात. जागा कमी असेल तर रॅम्प भिंतीला समांतर वळवा. वर आणि खाली खुर्ची वळेल एवढी, साधारण दीड मीटरची सपाट जागा ठेवा. दाराची मोकळी रुंदी ९० सेंटिमीटर असू द्या आणि उंबरा काढून टाका. स्वच्छतागृहापर्यंतची वाटही सपाट हवी, नाहीतर मूल वर्गात पोचेल पण दिवसभर पाणी पिणार नाही. असं मूल मी पाहिलं आहे.

उजेड, वारा, ऊन, आवाज

या चार गोष्टींवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो, कारण यांच्याशिवाय बाकीची मांडणी फुकट जाते.

आपल्याकडे उत्तरेच्या खिडकीतून येणारा उजेड दिवसभर जवळजवळ सारखा आणि मऊ असतो. फळा अशा भिंतीवर घ्या, की उत्तरेची खिडकी मुलांच्या बाजूला येईल, पाठीमागे किंवा समोर नाही. दक्षिणेचं ऊन वरून येतं, ते फूट-दीड फुटाच्या सज्जाने अडतं. पश्चिमेचं ऊन मात्र तिरपं येतं, सज्जाला जुमानत नाही. तिथे बांबूची चटई, वेल चढवलेली जाळी किंवा झाड हाच उपाय. कडुनिंब किंवा करंज पहिल्याच पावसाळ्यात लावा. सावली मिळायला काही वर्षं जातील, पण आज दुसरीत असलेलं मूल चौथीत जाईपर्यंत त्या झाडाची उंची मोजत राहील. वाचन-लेखनाला वर्गात साधारण ३०० लक्स (लक्स हे उजेड मोजायचं एकक) उजेड पुरतो. मोबाइलवरचं लक्स मोजायचं मोफत ॲप अगदी काटेकोर नसतं, पण कोणता कोपरा अंधारा आहे हे त्यावर नक्की कळतं.

ऊन हा आता दोन महिन्यांचा प्रश्न राहिलेला नाही. विदर्भात उन्हामुळेच शाळा जूनच्या अखेरीस भरतात. पत्र्याचं छत असेल तर वरून पांढरा रंग द्या. चुन्याचे दोन-तीन हातही चालतात, फक्त ते पावसाने धुपतात आणि दर उन्हाळ्याआधी पुन्हा द्यावे लागतात. स्लॅबला हाच उपाय लागू आहे. मात्र आधी गळती थांबवा. पत्र्याखाली वीतभर फट सोडून बांबूच्या तट्ट्यांची छत घातली तर खाली उतरणारी धग कमी होते, पण ती चुलीपासून आणि वायरींपासून लांब राहील हे बघा.

वारा खेळायला समोरासमोर दोन तोंडं लागतात. एकाच भिंतीला चार खिडक्या असून उपयोग नाही. समोरच्या भिंतीला छताजवळ दोन झरोके पाडले तर गरम हवा वरून निघून जाते. कोकणात याच झरोक्यांतून पाऊस आत येतो, म्हणून तिथे तिरक्या पट्ट्यांची झडप हवी. कोकणातल्या जुन्या शाळांना कौलांचा उतार आणि रुंद पडवी होती. ती पाडून सपाट स्लॅब टाकला गेला, की जून ते सप्टेंबर त्या शाळेचं अंगण आणि व्हरांडा दोन्ही हातचे जातात. दुरुस्तीची संधी आली तर पडवी परत मागा.

आवाजाकडे सहसा कुणी लक्ष देत नाही. रिकाम्या खोलीत एक टाळी वाजवा. मागून झणझण ऐकू आली, तर तीस मुलं बोलायला लागल्यावर काय होत असेल याचा अंदाज येईल. चांगल्या वर्गखोलीत आवाज विरायला ०.६ सेकंदापेक्षा जास्त वेळ लागू नये असं मानलं जातं. गुळगुळीत फरशी, सिमेंटच्या भिंती आणि वर पत्रा किंवा स्लॅब असलेल्या आपल्या खोल्या त्यापुढे सहज जातात. ज्या मुलाची घरची भाषा वेगळी आहे, पावरी, कोरकू, गोंडी, बंजारा, त्याचे तर निम्मे शब्द या घुमण्यातच हरवतात. उपाय महाग नाही. जुन्या गोधड्या लाकडी चौकटीत ताणून मागच्या भिंतीवर लावा, त्यावर मुलांची कामं टाचता येतात. जाड सतरंजी घाला. अंड्यांचे ट्रे चिकटवू नका. त्यांनी घुमणारा आवाज फारसा कमी होत नाही आणि ते भुरुभुरु पेटतात.

अमेरिकेत १९६०-७०च्या दशकांत भिंती नसलेल्या शाळा बांधण्याची लाट आली होती. कल्पना देखणी होती, पण शेजारच्या वर्गाच्या गोंगाटात शिकवणं अशक्य झालं आणि अनेक ठिकाणी नंतर भिंती घालाव्या लागल्या. दोन खोल्यांमधली भिंत पाडून एकच मोठी खोली करायची सूचना कुणी आणली, तर हे आठवा.

खोली मांडणं

कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक. म्हणजे एका खोलीत दोन इयत्ता, हे वास्तव धरूनच मांडणी करायची. खोली २० बाय २५ फुटांची असेल तर ५०० चौरस फूट होतात, तीस मुलांना माणशी साधारण साडेसोळा चौरस फूट. त्यात दोन सीटचे लोखंडी बाक घातले की खोली संपली. देणगीदाराला बाकच द्यायचे असतात, कारण त्यावर नाव लिहिता येतं. त्यांना आदराने सांगा, की आम्हाला बुटकी, हलकी टेबलं हवी आहेत, नाव त्यांवरही लिहू.

टेबल निवडायची माझी कसोटी एकच : दुसरीतल्या दोन मुलांना ते उचलून भिंतीपाशी नेता आलं पाहिजे. वरचा भाग समलंब चौकोनी असेल तर दोन जोडून षटकोन होतो, एकेकटं भिंतीलाही लागतं. खुर्च्या घेणार असाल तर आधी टेपने मुलांच्या गुडघ्यामागपासून जमिनीपर्यंतचं माप घ्या. पाय लटकत असलेलं मूल दहा मिनिटांत चुळबुळायला लागतं आणि आपण त्याला चंचल म्हणतो. एकाच वर्गात दोन-तीन उंचीच्या खुर्च्या लागतील. पैसे कमी असतील तर खुर्च्या सोडून द्या. चांगली बस्करपट्टी, मांडीपुढे बसणारं बुटकं डेस्क आणि पाठ टेकायला भिंत एवढ्यावर छान चालतं.

तळफळे मात्र कराच. जमिनीपासून एक फुटावर सुरू होऊन तीन फुटांपर्यंत जाणारा, भिंतीभर फिरणारा काळा किंवा हिरवा पट्टा. खोलीचा घेर ९० फूट आहे, दारं-कपाटं वजा जाता ६० फूट उरतात, म्हणजे तीस मुलांना प्रत्येकी दोन फूट. ही शाळेतली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त वापरली जाणारी गोष्ट आहे. मूल चुकतं, पुसतं, शेजारच्याचं बघतं, त्याला सांगतं. शिक्षकाला खोलीच्या मध्यावर उभं राहून तीसही जणांचं काम एका नजरेत दिसतं. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटच्या (बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याच्या देखरेखीखालचा शाळांचा गट) शाळांनी जमीन आणि भिंती मुलांच्या हाती देऊन जे काम उभं केलं, ते बघायला राज्यभरातून शिक्षक जात होते. तिथून परतलेल्या काहींनी फक्त फरशीवरची चित्रं उतरवली. रंग तेवढा आला, मुलांनी त्यावर करायची कृती मागेच राहिली.

भिंतींबद्दल थोडं सविस्तर सांगतो. ‘बोलक्या भिंती’ हा शब्द आपल्याकडे फार लाडका आहे. पण भिंत सतत बोलत राहिली तर मूल शिक्षकाचं ऐकणार कधी? अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ साली लहान मुलांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध केला. खूप सजवलेल्या वर्गात मुलांचं लक्ष जास्त विचलित झालं आणि ती कमी शिकली. म्हणून फळ्याभोवतीची भिंत कोरी ठेवा. मागची भिंत मुलांच्या ताज्या कामाला द्या आणि दर पंधरा दिवसांनी बदला. कायमचं रंगवायचं असेल, तर हात लावून वापरता येईल असंच रंगवा. वास्तुरचनाकार कबीर वाजपेयी आणि त्यांच्या ‘विन्यास’ संस्थेने मांडलेल्या ‘बाला’ या कल्पनेत इमारतीचा प्रत्येक भाग शिकण्याचं साधन होतो. त्यातलं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण दाराखालचं. दार उघडताना ज्या फरशीवरून फिरतं, तिथे कोनमापक आखायचा. मूल रोज दार उघडतं आणि कोन उघडतं. चौकटीवर उंचीची पट्टी, पायऱ्यांवर अंक, खिडकीच्या गजांवर सरकणारे मणी हेही त्याच जातीचं. बाकीचे राष्ट्रपुरुष आणि धबधबे रंगाऱ्याला नको म्हणून सांगा.

सगळं मांडून झालं, की घड्याळ लावा. मुलांना सांगा, गोल करा. मग गट करा. मग सगळं भिंतीला लावा. पाच मिनिटांच्या वर वेळ लागला तर सामान जास्त झालं आहे. कमी करा.

खोलीबाहेर

१९४५ साली बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. मुलं बालवाडीत येत नाहीत असं दिसल्यावर त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली आणि त्यातून ‘अंगणवाडी’ हा शब्द आला. पुढे कोसबाडला, गुरं राखायला जाणाऱ्या वारली मुलांसाठी कुरणात शाळा भरली, ती कुरणशाळा. शिकण्याची जागा म्हणजे चार भिंती नव्हेत, हे आपल्याच मातीत करून दाखवलेलं काम आहे. तेव्हा परदेशी शाळांचे फोटो दाखवून कुणी दिपवू लागलं, तर त्याला आधी कोसबाडची गोष्ट सांगा.

व्हरांडा ही तुमची तिसरी वर्गखोली. तिथे चपलांचा ढीग, मोडके बाक आणि पोषण आहाराची पोती असतील तर आधी ती हलवा. भिंतीला फूटभर रुंद कट्टा बांधा, खाली चपलांसाठी खण. झाडाभोवतीचा पार गोल न करता अर्धगोल करा, म्हणजे मुलं बोलणाऱ्याकडे तोंड करून बसतात. हात धुण्याचे नळ दोन उंचींवर लावा आणि ते पाणी परसबागेत सोडा.

ध्वजकट्ट्याच्या आसपास सकाळपासून दुपारपर्यंत ऊन राहत असेल तर तिथे एक काठी उभी करून तिची सावली आखा. २१ मार्च, २२ सप्टेंबर आणि २२ डिसेंबर या दिवशी दर तासाला सावलीच्या टोकाशी खूण करा, रंग भरा. महाराष्ट्रात वर्षातून दोनदा माध्यान्हीला सावली नाहीशी होते. त्यातला मे महिन्यातला दिवस सुट्टीत जातो आणि जुलै-ऑगस्टमधला बहुधा ढगांत. मे महिन्यातल्या त्या दिवशी मुलांना शाळेत बोलवा, अर्ध्या तासासाठी. ती येतात.

यंत्रं

माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या रणजितसिंह डिसले यांना २०२० साली ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. त्यांचं गाजलेलं काम होतं पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड छापण्याचं. खोलीत काही मोठं बसवावं लागलं नाही, कागदावरचा एक चौकोन पुरला. खरेदी करताना हे ध्यानात असू द्या. भिंतीत कायमचं बसवलेलं यंत्र पाच-सात वर्षांत जुनं होतं, पण भिंत मोकळी होत नाही.

खर्च करायचाच तर तारांच्या वाटांवर करा. चारही भिंतींवर प्लग पॉइंट, जमिनीपासून चार फुटांवर. वायरिंग होताना शेजारी एक रिकामा पाइप टाकून त्यात ओढायची तार ठेवून द्या. दहा वर्षांनी काय लागेल ते माहीत नाही, पण ते न्यायला भिंत फोडावी लागणार नाही. टीव्ही चाकांच्या स्टँडवर घ्या. टॅबसाठी कुलूपबंद, हवा खेळणारं कपाट आणि चार्जिंगची जागा आधी, टॅब नंतर. वीजबिल कोण भरणार हे ठरावात लिहून घ्या.

पैसे कोणत्या क्रमाने

छत आणि गळती, वीज, स्वच्छतागृह आणि पाणी, रॅम्प आणि दारं, मग तळफळे, मग सामान, सगळ्यात शेवटी यंत्रं. एकूण रकमेचा पाचवा हिस्सा बाजूला ठेवा, कारण सहा महिन्यांनी मुलं तुम्हाला दाखवून देतील की कुठे चुकलं. दिलेली प्रत्येक वस्तू त्याच आठवड्यात डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या टिकाऊ सामानाच्या नोंदवहीत, चढवा. बदली झाल्यावर मागून येणाऱ्या शिक्षकाला शाळा कागदावरही सापडली पाहिजे. गावातला सुतार, गवंडी, गोधडी शिवणाऱ्या बाया यांच्याकडून होण्यासारखं काम बाहेर देऊ नका. त्यांची मुलं त्याच वर्गात असतात आणि खिळा निघाला तर ते संध्याकाळी येऊन ठोकून जातात.

पहिला मोठा पाऊस झाला, की दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी शाळेत जा. भिंतींवरची ओल खडूने आखा, रॅम्पवर पाणी साचलंय का पाहा, झरोक्याखालची फरशी हाताने तपासा. मग नकाशाची चौथी प्रत काढा आणि मुलं आली की पुन्हा एकदा पान आणि खडा वाटा.